तीन ट्यूबा आणि मेणवलीचा घाट

मागच्या पावसाळ्यात माझं रंगांचं पॅलेट बसमध्ये राहिलं. चूक माझीच. स्वारगेटवरून वाईची गाडी पकडली, समोरच्या सीटमागच्या जाळीत पॅलेट कोंबलं, खंबाटकी घाट चढताना डोळा लागला तो सुरूर फाट्याला जाग आली, मग छत्री शोध, सॅक आवर, आत्याची बाकरवडी घेतली का बघ, आणि वाईला उतरून गाडी निघून गेल्यावर पाच मिनिटांनी पोटात खड्डा पडला. अठरा घरांचं पॅलेट, प्रत्येक घरात ट्यूब पिळून वाळवून ठेवलेला रंग, त्यातले दोन-तीन तर इतके महाग की नवऱ्याला किंमत अर्धीच सांगितली होती.

मी काही पूर्णवेळ चित्रकार नाही. पुण्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, कोथरूड ते कॅम्प रोज बसने जाते आणि जमेल तेव्हा वॉटरकलर करते. बारा वर्षं झाली आता. महिन्यातून एखादा शनिवार-रविवार आत्याकडे वाईला जायचं आणि मेणवलीच्या घाटावर बसून चित्र काढायचं हे ठरलेलं. मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर, नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागेच कृष्णेचा घाट. तिथे देवळात वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे, शूटिंगमुळे तो घाट आता सगळ्यांनी पडद्यावर बघितलेला आहे वगैरे, ते सगळं ठीक, मला तिथे ओढ आहे ती पायऱ्यांची. काळ्या दगडाच्या पायऱ्या. आणि त्याच मला दहा वर्षं कधी नीट जमल्या नव्हत्या.

तर पॅलेट गेलं. सॅकमध्ये एक छोटा पाऊच होता, त्यात मी संपत आलेल्या रंगांच्या रिफिल ट्यूबा ठेवते. संपतात कोणते तर तेच तेच: अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर. तीन ट्यूबा. लाल नाही, हिरवा नाही, लेमन यलो नाही. आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नीळ, गेरू आणि पिवळी माती. एवढ्यावर चित्र होतं होय तुझं?"

मला आधी हसू आलं पण ती बरोबर बोलत होती अगदी. कपड्यांची पुडीतली नीळ म्हणजे अल्ट्रामरीनच, कारखान्यात बनवलेला. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द खड्यापासून काढायचे आणि तो सोन्याच्या भावाने जायचा, मग १८२८ साली फ्रान्समध्ये तो कृत्रिमरीत्या बनवायची पद्धत निघाली आणि पुढे तो इतका स्वस्त झाला की धोब्याकडे पोचला. बर्न्ट सिएना म्हणजे इटलीतल्या सिएना गावच्या नावाची भाजलेली माती, आपल्या गेरूची चुलत बहीण म्हणा. आणि ऑकर म्हणजे सरळ पिवळी माती. दोन्हींत रंग लोखंडाचाच. बारा वर्षं मी हे रंग वापरत होते, ट्यूबवरची इंग्रजी नावं वाचून मला ते कुठूनतरी लांबून आलेले वाटायचे, आणि आत्याने एका वाक्यात त्यांना तिच्या कपाटात नेऊन ठेवलं.

पॅलेट म्हणून तिने आधी स्टीलची ताटली दिली. स्टीलवर काही कळत नाही, रंगाचे थेंब थेंब होऊन पळतात आणि खालची चमक मध्ये येते. मग चिनीमातीची एक पांढरी बशी दिली, कडेला बारीक तडा गेलेली, कप कधीच फुटलेला. ती मस्त होती.

शनिवारी सकाळी साडेसातला घाटावर. पाऊस नुकताच थांबलेला, वरून उघडीप नाही पण ढगातून पांढरा उजेड येतोय असा. आता इथे माझी जुनी खोड सांगायला हवी. शाळेत इलेमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या आम्ही सगळे, तिथे आकाश निळं, झाड हिरवं, खोड तपकिरी आणि दगड काळा हे इतकं पक्कं बसलंय की नंतर कितीही शिका, हात तिकडेच जातो. काळा रंग मी पॅलेटमधून कधीच काढून टाकला होता, पण त्याच्याऐवजी पेन्स ग्रे, म्हणजे तयार मिळणारा गडद निळसर राखाडी, वापरायची, म्हणजे नाव वेगळं आणि सवय तीच. सगळ्या पायऱ्या एकसारख्या गडद, चित्र म्हणजे डांबर ओतल्यासारखं. आणि आज पेन्स ग्रेही नव्हता.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून राखाडी बनतो हे मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत असतं. निळा आणि नारिंगीकडे झुकणारा तपकिरी एकमेकांना मारतात. पण माहीत असणं वेगळं आणि दुसरा काही पर्यायच नसणं वेगळं. पहिला कागद मी तसाच घालवला, सगळीकडे एकच राखाडी, सपाट. शेजारी एक बाई गोधडी धूत होत्या. मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, शेवटी आल्याच बघायला. घाटावर हे होतंच, पोरं येतात आणि "आमचं काढा की" म्हणतात, म्हातारे येऊन "कुठल्या पेपरात छापून येणार" विचारतात. या बाई जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काळं का करतीस गं समदं? दगूड काय काळा न्हाई, वल्ला हाय. वाळला की राखुंडीवाणी हुतोय."

मी परत पायऱ्यांकडे बघितलं. खरंच, ज्या पायऱ्या छपराच्या वळचणीला कोरड्या होत्या त्या फिकट राखाडी होत्या, त्यात तांबूस झाक. ओला दगड गडद दिसतो कारण पाणी त्याच्या बारीक भोकांत शिरतं आणि उजेड आत अडकतो, बाहेर कमी येतो. पण गंमत पुढे आहे. ओल्या पायरीची वरची सपाट बाजू मुळीच गडद नव्हती, ती जवळजवळ पांढरी होती, कारण तिच्यावर पाण्याचा पातळ थर होता आणि त्यात वरचं ढगाळ आकाश दिसत होतं. गडद होती ती फक्त उभी बाजू. म्हणजे प्रत्येक पायरी एक पांढरी पट्टी आणि एक काळी पट्टी, वरून खालपर्यंत, पेटीच्या पट्ट्यांसारखी. दहा वर्षं मी त्या पायऱ्यांवर बसत होते!

दुसऱ्या कागदावर मी आधी रंग लावलाच नाही. सॅकमधली छोटी वही काढली आणि पेन्सिलने काड्यापेटीएवढ्या चार चौकटींत चित्रं केली. ही सवय बसमधली आहे, तिचं जरा सांगते. कोथरूड ते कॅम्प पाऊण तास तरी लागतो, बसायला मिळालं तर मी तळहाताएवढ्या वहीत समोरच्यांच्या पाठी काढते, कारण चेहरा काढला की माणूस ओळखतो आणि मग अवघडतं. अंबाड्यातला गजरा, हेल्मेट मांडीवर घेतलेला मुलगा, दांड्याला धरलेले एकाखाली एक पाच हात. बस हलते त्यामुळे रेघ सरळ येतच नाही, सिग्नलला थांबली की तेवढ्या वेळात काय ते उरकायचं, म्हणून तपशील आपोआप गळतात आणि उरतं फक्त गडद कुठे, फिकट कुठे, मधलं कुठे. वही संपली की फेकत नाही पण परत उघडूनही बघत नाही. त्या वह्यांचा उपयोग चित्र म्हणून शून्य आहे, उपयोग झाला तो त्या दिवशी घाटावर. चार चौकटींपैकी तिसरीत मी कागद कोरा सोडून फक्त उभ्या पट्ट्या ४बी पेन्सिलने काळ्या केल्या आणि घाट उभा राहिला, अक्षरशः अर्ध्या मिनिटात.

मग रंग. वॉटरकलरमध्ये पांढरा म्हणजे कागदच, त्यामुळे पायऱ्यांच्या वरच्या बाजू सोडून द्यायच्या हे आधीच ठरवावं लागतं, नंतर पांढरा आणता येत नाही. (येतो, पांढऱ्या पोस्टर कलरने, पण तो चुन्यासारखा वर बसलेला दिसतो आणि मला ते पटत नाही, ज्याला पटतं त्याने करावं.) पूर्ण चित्रावर आधी ऑकरचा अगदी पातळ हात, फक्त पायऱ्यांचे माथे सोडून. तो वाळायची वाट. आणि जुलैत वाईला कागद वाळत नाही हो! मे महिन्यात पुण्यात गच्चीवर बसलं तर वॉश, म्हणजे असा पातळ रंगाचा हात, लावता लावता वाळतो, इथे वीस मिनिटं झाली तरी कागद हाताला गार लागतोय. घाई केली की फुलकोबी होते, म्हणजे अर्धवट ओल्यावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की पाणी आधीच्या रंगाला ढकलत नेतं आणि फुलासारखी वेडीवाकडी कड उमटते. माझी एक झालीच, उजव्या कोपऱ्यात. आता ती झुडूप आहे.

वाळल्यावर उभ्या बाजू. इथे मी बशीत रंग पूर्ण मिसळले नाहीत, एका कडेला निळा, एका कडेला सिएना, मध्ये पाणी, आणि ब्रशने कधी इकडून जास्त कधी तिकडून जास्त उचलायचं. पाण्याजवळच्या पायऱ्यांना निळा जास्त, वरच्या, जिथे माणसांची ये-जा आहे तिथे सिएना जास्त. खरबरीत कागदावर अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत जाऊन बसतात आणि सिएना आजूबाजूला तरंगत राहतो, त्यामुळे लांबून राखाडी दिसतं आणि जवळून बघितलं तर दोन रंग वेगवेगळे दिसतात. दगडही तसाच असतो. आपला सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात लोखंड भरपूर, आणि पावसापाण्याने ते गंजतं म्हणून जुन्या दगडावर ती तांबूस झाक येते. म्हणजे दगडावरचा गंज आणि माझ्या ट्यूबमधला सिएना दोन्ही लोखंडाचा गंजच की! पेन्स ग्रेने मी जे दहा वर्षं झाकत होते ते हेच.

ते चित्र चांगलं झालं असं नाही म्हणणार. डावीकडचं देऊळ तिरकं आलं, पाणी मेलेलं. पण पायऱ्या ओल्या दिसत होत्या. गोधडीवाल्या बाई तोवर निघून गेल्या होत्या, त्यांना दाखवायचं राहिलं याची चुटपुट आहे.

पुण्याला परत आल्यावर नवीन पॅलेट मागवायला मोबाइल काढला आणि किंमत बघून ठेवून दिला. म्हटलं पावसाळाभर या तिघांवरच बघू. यात जिद्द वगैरे काही नव्हती, ऑगस्टमध्ये मुलाची फी होती.

पुढचे दोन महिने तिथेच जाऊन तेच काढलं. ऑगस्टमध्ये वर धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या गायब होतात, मग उरलेल्या पायऱ्या आणि गढूळ पाणी, त्यासाठी ऑकर आणि सिएना आहेच, हा विषय तर या ट्यूबांनीच काढावा असा. अडलं ते हिरव्यावर. वाईच्या आजूबाजूला हळदीची शेतं आहेत, पावसात त्यांचा जो हिरवा असतो, आतून उजेड लावल्यासारखा, तो अल्ट्रामरीन आणि ऑकरमधून येत नाही म्हणजे नाही. या दोघांचा हिरवा होतो शेवाळासारखा, मळका. कारण अल्ट्रामरीनमध्ये थोडी जांभळी झाक असते आणि ऑकर आधीच मातकट, त्यामुळे हिरवा जन्मतःच थकलेला. घाटामागच्या जुन्या वडाला, चिंचेला, भिंतीवरच्या शेवाळाला तो छान लागला, खरं तर माझ्या पूर्वीच्या तयार सॅप ग्रीनपेक्षा चांगला, कारण तयार हिरवा लावला की आपली झाडं कुठल्यातरी परदेशी कॅलेंडरवरची वाटतात. पण हळद नाही. तीनदा प्रयत्न केला, तीनदा पालक.

लालचं उलट झालं. एकदा एक आजी लाल लुगडं नेसून पायऱ्या उतरत होत्या, अख्ख्या राखाडी घाटात तेवढाच ठिपका, आणि माझ्याकडे लाल नाही. काय करणार, सिएना जवळजवळ ट्यूबमधून काढल्यासारखा घट्ट घेतला आणि तेवढा एक टेकवला, आणि भोवतीच्या पायऱ्यांमध्ये मुद्दाम निळा वाढवला. घरी येऊन भिंतीला लावलं तर मुलगा म्हणाला, लाल कधी आणलास. शेजारी थंड निळसर राखाडी असला की तपकिरीसुद्धा लाल भासतो. पुस्तकात हे वाचलं होतं पण तेव्हा माझ्याकडे लाल होता, मग कोण करून बघतं.

कागदाचंही सांगायचं राहिलं. सप्टेंबरमध्ये एक अख्खा गठ्ठा वाया गेला. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा कागद, जपून जपून वापरायचा म्हणून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पलंगाखाली ठेवलेला. कागदावर सायझिंग असतं, म्हणजे जिलेटिन किंवा तसलं काहीतरी लावलेलं, ज्यामुळे रंग वर तरंगतो, लगेच आत शोषला जात नाही. दमट हवेत ते सायझिंग जातं, बुरशी धरते, वरून कागद पांढराशुभ्रच दिसतो पण वॉश लावला की ठिकठिकाणी टीपकागदासारखे गडद डाग. मला वाटलं माझा हात बिघडला, दोन चित्रं फाडली, मग तिसऱ्या कागदाचा वास घेतला तेव्हा कळलं. आता स्टीलच्या कपाटात वरच्या खणात ठेवते आणि बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या सगळ्या नातेवाइकांकडून गोळा करते. लग्नकार्यात भेटले की लोक पुड्या देतात मला.

रोजच्या जगण्यात एवढाच फरक पडला की सकाळी गॅसवर चहा ठेवते तेव्हा माझं लक्ष आता रंगाच्या नावाकडे जात नाही. खिडकीच्या कठड्यावर चिंच लावलेलं तांब्याचं भांडं उपडं असतं, त्याची उजेडाकडची बाजू आणि सावलीकडची बाजू, दोन्ही "तांब्याच्या रंगाच्या" नाहीत, एक जवळजवळ पांढरी आणि एक जांभळट. भांडं काढायला दोन मिनिटं लागतात, चहा उतू जायला दीड. सांडलेला चहा ओट्यावर वाळला की त्याची कड गडद आणि मध्य फिकट होतो, वॉशचं जे होतं तेच. यावर घरात मला खूप ऐकवून झालेलं आहे.

दिवाळीत मैसूरला गेलो होतो तेव्हा जगनमोहन पॅलेसमध्ये हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र बघितलं, सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, १९४५-४६ च्या सुमाराचं चित्र, मॉडेल त्यांची मुलगी गीता. मी इतकी वर्षं फोटोत बघून तेलरंगातलं समजत होते, ते वॉटरकलर आहे. हाताच्या आडून येणारा तो उजेड बघताना माझ्या डोक्यात एकच, इथे त्यांनी फिकट किती राखलं असेल, आणि भोवतीचं गडद कशाचं केलं असेल. गर्दी होती, मागून लोक ढकलत होते, नवऱ्याने फोटो काढू नकोस म्हणून खूण केली. पाच-सात मिनिटं मिळाली असतील. बाहेर येऊन वहीत आठवून चौकट काढली, ती काही जमली नाही.

जानेवारीत शेवटी नवीन पॅलेट घेतलं, बारा घरांचं. त्यात सध्या पाच रंग आहेत: ते तिघे, एक लेमन यलो आणि एक लाल. लेमन यलो हळदीसाठी घेतलाय, थोडासा आणि अल्ट्रामरीनचा नुसता वास, असं करून जवळपास पोचते पण अजून ते शेत नाही झालेलं, वाळल्यावर रंग उतरतो आणि माझा अंदाज दर वेळी त्याच्या मागे पडतो. सात घरं रिकामी आहेत, त्यातल्या एकात सध्या खोडरबर ठेवते.

आत्याकडची बशी मात्र तिथेच आहे. तड्यात निळा शिरलाय, तिने घासून बघितलं, चिंचेने बघितलं, राखेने बघितलं, जात नाही. आता तिने ती इतर कपबशांतून वेगळी काढून खिडकीत ठेवलीय आणि फोनवर दर वेळी म्हणते, तुझी ती बशी ने बाई एकदा पुण्याला. मी हो म्हणते आणि नेत नाही, नेली तर जूनमध्ये तिथे रंग कशात कालवू.